नीलेश चार बोटं, जागृती दीड

सरावली, बोईसर
मंगळवार

ती. सौ. शैलाआत्या हिच्या पायांशी प्रीतमचा नमस्कार.

डब्यात पत्र पाहून तू चमकशील. पण रिकामा डबा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे तूच मला शिकवलंस. माझ्या खोलीत साखर संपली आहे. म्हणून पत्र घालतो आहे. नीलेश ते तुला आणून देईल. त्याने वाटेत वाचू नये म्हणून झाकण घट्ट लावलं आहे. (हे झाकण एकदा घट्ट बसलं की तुझ्याशिवाय कोणाच्या हाताने निघत नाही.)

तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला उतरला का? मागच्या दारची तोंडली मांडवावर चढली का? इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे तुझा दुपारचा डबा बंद झाल्यापासून जितपत असावं तितपत. नीलेश रोज कंपनीच्या गेटवर भेटतो. पूर्वी त्याच्या हातात दोन पिशव्या असत, आता एकच असते. मी पिशवीकडे पाहतो, तो आभाळाकडे पाहतो. मग मी नाक्यावर जाऊन वडापाव खातो. (वडापावविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण त्याला तू कशी आहेस हे विचारता येत नाही.) मी तुला फोन केले. तू उचलले नाहीस. एकदा उचललास आणि "शैला घरात नाय" असं तुझ्याच आवाजात सांगून ठेवून दिलास. तेव्हा लिहिण्यावाचून इलाज उरला नाही.

तुझा राग मला समजतो. तू तुझ्या मुलाबद्दल बावीस ओळी लिहून दिल्या होत्यास आणि एका सकाळी मंडळाच्या वेबसाइटवर त्यांतल्या पाचच उरल्या. बाकीच्या दुसऱ्यांच्या नावाखाली निघाल्या. हे कसं झालं ते तुला नलूकाकीने सांगितलं असणार, आणि नलूकाकी जे काही सांगते त्यात ती स्वतः कधी हजर नसते. म्हणून मी सुरुवातीपासून सांगतो.

आपल्या समाजाची वधू-वरांची पुस्तिका दरवर्षी छापून निघायची. त्यात सगळ्यांना सारखी एकेक ओळ असे. नाव, गाव, शिक्षण, उंची. ओळ सारखी असल्यामुळे भांडणाला जागा नव्हती. यंदा दादूकाकांनी वेबसाइट करायचं ठरवलं. (दादूकाका मंडळाचे अध्यक्ष. जन्मभर बोटीवर तांडेल होते. सभेतही ते इंजिन चालू असल्यासारखेच बोलतात.) त्यांनी विचारलं, कंप्यूटर कोणाला येतो? सगळे माझ्याकडे वळले. मी मराठीत एम.ए. झालेला माणूस, कारखान्यात ट्रकमध्ये पिंपं चढवून घेतो. पण एकदा बोईसरला कपड्यांच्या दुकानाच्या माडीवर मी वेबसाइटचा कोर्स केला होता, आणि तसं आईने गावभर सांगून ठेवलं होतं. त्या कोर्समध्ये रंग झाले, अक्षरं झाली, रुंदी झाली. उंचीचा धडा आला त्या आठवड्यात शिकवणाऱ्याला वापीला नोकरी लागली. उंची राहून गेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. रुंदी जमली की उंची काय, होईल, असं वाटलं. हे चूक आहे, आत्या. रुंदी सोपी असते, कारण फोनला कडा असतात. उंचीला कडाच नसते. मजकूर वाढेल तसं पान खाली वाढत जातं आणि त्याला कोणी अडवत नाही.

मी दर मुलामुलीला एक चौकट दिली. वर फोटो, खाली माहिती. पडद्यावर दोन-दोन चौकटी शेजारी. कोणी काय लिहावं यावर बंधन ठेवलं नाही, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला ते शोभलं नसतं. तुझी चार पानं आली. ती मी टाइप करून बसवली तेव्हा बावीस ओळी झाल्या. (पहिल्या पानावर नीलेश जन्मला, तेव्हा दवाखान्यातली नर्स काय म्हणाली, ते मी गाळलं. ते मात्र मी स्वतःच्या जबाबदारीवर गाळलं.) जागृतीच्या आईने लिहून पाठवलं होतं: मुलगी शांत आहे. बारावी. संपलं. मेघालीचीही माहिती एवढीच. माझी स्वतःचीही: एम.ए. मराठी, बोईसरला नोकरी. यापुढे काय लिहावं ते मला सुचलं नव्हतं.

सभेत दादूकाकांनी फोन टेबलावर ठेवला आणि पडद्यावर आडवी बोटं धरून एकेक चौकट मोजली. जाळ्याचा आस, म्हणजे एकेक भोक, मोजतात तशी. मग उभे राहून जाहीर केलं: "नीलेश चार बोटं. जागृती दीड." सभा शांत झाली. मग कोणीतरी मागून म्हणालं, नीलेश याचा आतेभाऊ ना? त्यानंतर सभा शांत राहिली नाही. सगळ्यांची उंची सारखी करून आण, असा ठराव झाला. ठरावाला अनुमोदन माझ्या वडिलांनी दिलं.

मी खोलीवर आलो आणि सगळ्या चौकटींना एकच उंची लिहून टाकली. अडीच बोटं. मला वाटलं, काम झालं. तसं होत नसतं. चौकटीला उंची दिली म्हणून मजकूर आटत नाही. त्याला जायचं असतं तिथे तो जातो. नीलेशची चौकट अडीच बोटांवर थांबली आणि नीलेश थांबला नाही. तो खालच्या चौकटीत उतरला. खाली जागृती होती. तिच्या फोटोवर, बरोबर कपाळाच्या जागी, "पहाटे लवकर उठतो" असं आलं आणि हनुवटीवर "कोणतंही व्यसन नाही". तिच्या आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीच्या तोंडावरून तुझ्या भावाला खाली उतरव."

मी उतरवला. बाहेर सांडेल तेवढं झाकून टाक, अशी एक सूचना चौकटीला देता येते. ती दिली. आता नीलेश अडीच बोटांवर सपाट कापला गेला. पाहायला स्वच्छ दिसत होतं. पण कापायची जागा वाक्याला विचारून ठरत नाही. शेवटची दिसणारी ओळ होती: "नीलेश स्वभावाने". त्यापुढे काही नाही. तो स्वभावाने कसा आहे हे समाजातल्या कोणालाच कळेना, आणि आत्या, लोकांनी आपापल्या परीने ते पूर्ण केलं. त्या दिवशी तुझा पहिला फोन आला. तू म्हणालीस, "माझा पोरगा मधूनच कापलास रे? त्याच्या स्वभावाला काय झालंय?" मी म्हणालो, काही झालेलं नाही, तो खाली आहे, फक्त दिसत नाही. तू म्हणालीस, "मग दिसव." ते बरोबर होतं.

मग मी त्या चौकटीतच वरखाली सरकवायची सोय केली. म्हणजे चौकट अडीच बोटांची, पण आत बोट फिरवलं की मजकूर हलतो, विहिरीत कळशी सोडल्यासारखा. मला ही युक्ती आवडली होती. पण दादूकाकांचा अंगठा रुंद आहे. ते पान खाली ओढायला गेले की अंगठा नीलेशच्या चौकटीत पडायचा आणि पानाऐवजी नीलेशच हलायचा. ते खाली जात राहिले, नीलेश वर येत राहिला. त्याची शाळा झाली, आयटीआय झालं, क्रिकेट झालं. तळ लागला की ते परत वर जायचे, आणि पुन्हा नीलेशच. सकाळचा चहा थंड झाल्यावर त्यांनी मला फोन केला. "अरे, समाजात लग्नाचा एकच पोरगा उरलाय काय?"

मी कोर्सच्या पुस्तकात पाहिलं. तिथे उंची टक्क्यांत द्यायचाही एक मार्ग सांगितला होता. बाहेरच्या चौकटीला ते लोक पालक म्हणतात आणि आतल्या चौकटीला मूल. (हे मी बनवून सांगत नाही.) मुलाला सांगायचं, तुझी उंची पालकाच्या शंभर टक्के. ऐकायला हे संस्कारी वाटतं. मी सांगितलं. काहीही झालं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा काही नाही. मग बारीक अक्षरांत सापडलं की पालकाने स्वतःची उंची ठरवलेली नसेल तर मूल त्या हुकमाकडे लक्ष देत नाही, आपल्या मजकुराप्रमाणे वाढतं. पालकाची उंची ठरवायला गेलो तर तो त्याच्या पालकाकडे बोट दाखवतो. तो त्याच्या. असं थेट वरपर्यंत. सगळी एकमेकांच्या भरवशावर आणि ठरवलेलं कोणीच काही नाही. मी त्या दिवशी बाबांना फोन केला आणि कारण नसताना त्यांची चौकशी केली.

अखेर एक सरळ उपाय मिळाला. सगळ्या चौकटी एकत्र बांधायच्या आणि सांगायचं, तुमच्यात जो सर्वांत उंच त्याच्याइतके सगळे व्हा. एका ओळीचं काम. सगळ्या चौकटी उठून नीलेशइतक्या झाल्या. कोणी कापलं गेलं नाही, कोणी कोणावर सांडलं नाही. मी कडा जुळवून पाहिल्या. सरळ रेघ. आत्या, तू नाराज नसतीस तर मी तुला त्याच दिवशी दाखवायला आलो असतो. माझ्या हातून झालेलं, पूर्ण बरोबर असं ते एकमेव काम आहे.

सभेत ते कोणालाही आवडलं नाही. चौकटी सारख्या झाल्या होत्या, पण जागृतीच्या दोन ओळींखाली पांढरी मोकळी जागा होती आणि ती बरीच खाली जात होती. तिची आई त्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरीत एवढं कमी हाय?" मी म्हणालो, काही कमी नाही, ती नुसती जागा आहे. ती म्हणाली, "नीलेशच्या खाली का नाय मग?" कोऱ्या जागेबद्दल मी कवितेच्या तासाला पुष्कळ ऐकलं होतं. तिथे ती चांगली समजतात. लग्नाच्या बाबतीत तसं नसतं.

इथे नलूकाकी बोलली. ती काही वेळ दारापाशी टोपली घेऊन उभी होती. बाजारातून थेट आली होती. तिने फोन हातात घेतला, लांब धरला आणि म्हणाली, "ह्याला वाटे लावता येत नाय." मग ती मला समजावू लागली. मासे विकायला बसलं की वाटे लावतात, ते सारखे लावायचे. एक मोठा नि एक बारका ठेवला तर गिऱ्हाईक मोठ्यावरच हात ठेवतं. "बारका मग कोण घेल? तसाच राहतो, माशा बसतात. म्हणून ह्यातला उचलायचा नि त्यात टाकायचा. जास्त हाय तिकडनं कमी हाय तिकडं. ह्याला काय कंप्यूटर लागतो?" मी म्हणालो, काकी, ही माणसांची माहिती आहे, मासे नाहीत. ती म्हणाली, "माणसं आपलीच ना? एकाचं जरासं दुसऱ्याला गेलं तं काय बिघडतं?" मग जागृतीच्या आईकडे बघून म्हणाली, "मी ह्या घरात आले तवापासून बघते, नणंदेचा वाटा मोठाच." (हे वाक्य मी तुला सांगायला नको होतं. पण मी पेनाने लिहितो आहे आणि दुसरा कागद नाही.)

दादूकाकांनी टेबलावर हात आपटला. ठराव एकमताने झाला. मंडळाच्या इतिहासात असं पूर्वी फक्त एकदा, श्रद्धांजलीच्या वेळी झालं होतं. मी विरोध केला असता. पण आत्या, आठवडाभर मी उंचीमागे धावत होतो. कोणीतरी खात्रीने बोलत होतं आणि मी दमलो होतो. त्या संध्याकाळी मी खोलीवर बसून वाटे लावले.

हे काम मी मन लावून केलं, हेही सांगतो. कोणतीही ओळ कुठेही टाकली नाही. नीलेशच्या "तालुका क्रिकेट स्पर्धेत उत्कृष्ट यष्टिरक्षक" या ओळीची लांबी जागृतीच्या चौकटीत नेमकी बसत होती, म्हणून ती तिला दिली. "वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू देत नाही" ही मेहुलला दिली, कारण त्याच्याकडे तेवढीच जागा होती. (मेहुलच्या वडिलांनी ती वाचली आणि त्याला एवढंच विचारलं, "कवापासून?") अशा सगळ्यांना थोड्याथोड्या पोचवल्या. करतो-चं करते करावं लागलं तिथे केलं. शेवटी सगळ्या चौकटी पाच ओळींच्या झाल्या. कडा सरळ. मोकळी जागा नाही. सभेत टाळ्या वाजल्या. दादूकाकांनी बोटं लावून पाहिली. "सगळी अडीच," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

दुसऱ्या दिवसापासून जे व्हायचं ते होऊ लागलं. जागृतीला दांडी गावच्या महिला क्रिकेट संघाचं बोलावणं आलं. शांत मुलगी, तिला नाही म्हणता आलं नाही. ती यष्टीमागे जाऊन उभी राहिली. तिने दोन झेल घेतले. आता तिची आई मला फोन करत नाही, संघाच्या वेळापत्रकात असते. आणि तू वेबसाइट उघडलीस. तुझ्या मुलाच्या नावाखाली उरलं होतं: आयटीआय, नोकरी, गहूवर्ण, उंची पाच फूट सात इंच, निर्व्यसनी. हे वाचून तू काय केलंस ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी दुपारी डबा आला नाही.

तर आता चूक दुरुस्त केली आहे. सगळ्यांच्या ओळी ज्याच्या त्याला परत दिल्या. एक सोडून. (दोन सोडून. दुसरीचं सांगण्यासारखं काही नाही.) चौकटी पाच ओळींच्याच ठेवल्या आहेत. ज्याचा मजकूर कमी त्याचा मधोमध बसवला, म्हणजे थोडी जागा वर राहते, थोडी खाली, आणि ती कमतरता न वाटता ऐसपैस वाटते. ज्याचा जास्त त्याच्या चौकटीखाली "पुढे वाचा" असं येतं, त्यावर बोट ठेवलं की चौकट उघडते आणि सगळं दिसतं. मी पूर्ण यादी तपासली. "पुढे वाचा" असं अख्ख्या समाजात एकाच मुलाखाली येतं. तो तुझा मुलगा आहे. बाकी सगळे वाचून संपतात. हे तू नलूकाकीला तुझ्या पद्धतीने सांगावंस.

आतोबांना नमस्कार सांग. माझ्यावर राग ठेवू नकोस. डब्याची काही घाई नाही. मला हे पत्र लिहून फक्त मन मोकळं करायचं होतं, बाकी कोणताही हेतू नाही.

तुझा,
प्रीतम

ता.क. परत न केलेल्या एका ओळीबद्दल सांगायला हवं. ती "बोंबलाचं कालवण स्वतः करतो" ही. वाटे लावताना सगळ्यांना देऊन झाल्यावर ती उरली होती आणि माझ्या चौकटीत तेवढीच जागा होती. घेतली. मग एडवणच्या नामदेवकाकांचा फोन आला. मेघालीचे वडील. म्हणाले, "पोरीनं सगळं बघितलं, तिला तुमची कालवणाची ओळ आवडली. रविवारी आमी तिकडंच येतो. पोरगा रांधतो ते बघू तं खरं."

मेघाली बोईसरला रक्त तपासण्याच्या ठिकाणी कामाला आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं रक्त तिने काढलं होतं. सुई पाहून मी पडलो. उठलो तेव्हा ती माझ्या हातात बिस्किट देत होती. त्यानंतर मी वर्षभर कोणत्या तरी आजाराची वाट पाहिली, पण मला काही झालं नाही. तिला मी आठवत नसेन, तिच्यासमोर पुष्कळ लोक पडत असतील. आता ती आपण होऊन येते आहे, आणि ती एका ओळीवर येते आहे, आणि ती ओळ तुझी आहे.

आईला विचारता येत नाही. तिला वाटतं मी खरंच शिकलो. तिने तसं गावी दातिवऱ्यात सगळ्यांना सांगितलंही आहे आणि रविवारी ती बाबांना घेऊन पाहायला येते आहे. मी एकदा करून पाहिलं. बोंबील ढवळायचे नसतात, भांडं धरून हलवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ढवळले. त्याचं पिठलं झालं आणि मग ते खाली लागलं. शेजारच्या खोलीतला माणूस दार वाजवून म्हणाला, "भैया, कंपनी में कुछ लीक हुआ है क्या?" त्याने खिडक्या लावून घेतल्या. मग मी नीलेशला विचारलं, तू कसं करतोस? तो म्हणाला, "मी? मला गॅस पेटवता येत नाय. ते आईनं लिवलंय. हल्ली पोरीवाले विचारतात म्हणून." तेव्हा या ओळीच्या मागे तुझ्याशिवाय कोणी उभं नाही. शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी आहे. शिकव. मी पामला तुझ्या घरी येतो, बोंबील घेऊन.

ता.क. २. हे लिहिणार नव्हतो. वेबसाइटवर कोणाला किती घरांनी विचारलं ते फक्त मला दिसतं. बावीस ओळी होत्या तेव्हा नीलेशला कोणीही विचारलं नाही. पाच ओळी राहिल्या त्या आठवड्यात चार घरांनी विचारलं. "पुढे वाचा" केल्यापासून पुन्हा शांत आहे. यातून काय समजायचं ते मी सांगत नाही. त्या चार घरांचे नंबर माझ्याकडे आहेत. डबा येईल त्या दिवशी तो आणणाऱ्याकडेच देईन.

ता.क. ३. पत्र घडी करून डब्यात ठेवत होतो आणि फोन आला. मेघाली. म्हणाली, "तुमीच वेबसाइट केली ना? एक विचारते, हसायचं नाय. माझ्या नावाखाली भाकरीचं कोणी लिवलंय?"

(आत्या, दुसरी ओळ ही. तू एका दमात लिहिलं होतंस, कालवण स्वतः करतो, भाकरी गोल आणि पातळ थापतो. दोन्ही एका ठिकाणी बसत नव्हतं. मी अर्धं माझ्याकडे ठेवलं आणि अर्धं तिला दिलं. का ते विचारू नकोस.)

ती म्हणाली, "मी नाय लिवलं. आमच्याकडं भाकऱ्या बाबाच करतात, बोटीवरची सवय. मला येत नाय. आता ते म्हणतात, पोरगा कालवण करतो तं भाकरी तू थाप, दोन्ही घरं जेवतील. तुमच्या ओळखीत कोण शिकवणारं हाय काय? रविवारच्या आत."

मी तिला खरं सांगून टाकलं. म्हणालो, कालवणही मला येत नाही. ती म्हणाली, "ते ठाऊक हाय मला. सुई बघून पडला तो माणूस बोंबील काय साफ करणार?"

मी म्हणालो, एक आत्या आहे, पाममध्ये. दोन्ही ओळी तिच्याच आहेत. पण ती सध्या फोन उचलत नाही.

ती म्हणाली, "मग फोन कशाला? जाऊनच बसू."

शनिवारी दुपारी दोघं येतो. तांदळाचं पीठ जरा जास्त काढून ठेव. आणि शैला घरात नाय असं सांगायचं असेल तर आतोबांना सांगायला लाव. तू ते तुझ्याच आवाजात सांगतेस, हे मी तिलाही सांगून ठेवलं आहे.